उशाशी बसलेली

समाचाराला येणारा प्रत्येकजण आजाऱ्याची विचारपूस करतो. उशाशी बसलेल्या बाईला "तू जेवलीस का?" असे विचारणारे क्वचितच. घरच्या माणसाचे शेवटचे आजारपण काढणे हे आमच्याकडे कर्तव्य गणले गेले. त्यातल्या श्रमांची मोजदाद कोणी ठेवली नाही. म्हणून इतिहासातही ही बाई फारशी भेटत नाही.

एक भेटते ती कै. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात. न्यायमूर्ती १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईस वारले. त्यांची दृष्टी अधू असल्याने वाचून दाखविण्याचे काम वर्षानुवर्षे रमाबाईंकडे होते. शेवटच्या आजाराची हकीकतही त्यांनीच लिहून ठेवली. आठवणी न्यायमूर्तींच्या खऱ्या, पण बायकांना त्यांत लिहिणारीच अधिक दिसते. पुढे जवळजवळ वर्षभर त्या पुण्याच्या घराबाहेर पडल्या नाहीत. वय चाळिशीच्या आतले. लोकांनी याला वैधव्याचा धर्म म्हटले असेल. मला त्यात थकवाही दिसतो.

त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, आणि पुढे तेथल्या स्त्रिया ससून हॉस्पिटलात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्याची शुश्रूषा करणे तेव्हा चांगल्या घरातल्या बाईला कमीपणाचे मानीत. घरात जे फुकट आणि न शिकता करावयाचे, ते शिकण्याजोगे काम आहे, हे त्यामुळे थोड्यांना तरी पटले.

मरणाऱ्याबरोबर त्याच्या घरच्यांनाही सांभाळले पाहिजे, हा विचार रुजायला आणखी बराच काळ गेला. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली त्यासाठी सेंट ख्रिस्टोफर्स ही संस्था उघडली. आपल्या देशातले असे पहिले स्थान म्हणजे वांद्र्याचे शांती आवेदना सदन, १९८६ सालचे. पुण्यास वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे; तेथे घरचे माणूस रोग्यापाशी राहते आणि शुश्रूषा कशी करावी हे त्याला शिकवितात.

कर्ता पुरुष मुंबईस चाकरीला, घरी सासूसासरे आणि सून, ही आमच्या कोकणातली जुनी रीत. तेव्हा रात्र जागायला शेजारीण येई, पेजेचे पातेले पाठवी. आता आळीतली बरीच घरे बंद असतात. जिच्या घरी असे आजारपण आहे, तिला मंडळाच्या हळदीकुंकवालाही येता येत नाही. आपल्यातल्या दोघींनी दुपारी दोन तास तिच्याकडे जाऊन बसावे आणि तिने तेवढे झोपून घ्यावे, एवढे या वर्षी आपल्याला जमण्यासारखे आहे.