सोयाबीनच्या खिम्याची वडी : मांसत्यागाच्या इतिहासातील एक प्रश्न

वनस्पतिजन्य मांस हा शब्दप्रयोग अलीकडे शहरी बाजारपेठेत रूढ झाला आहे. सोयाबीन, वाटाणा किंवा गव्हातील चिकट प्रथिन यांपासून खिम्यासारखा पदार्थ तयार करावयाचा, त्यात मसाला आणि बांधणीसाठी पीठ मिसळून पावासारखा लांबट गोळा रचावयाचा, तो भट्टीत भाजून त्याच्या चकत्या कापावयाच्या, असा हा पाश्चात्त्य 'मीटलोफ'चा मांसविरहित प्रकार होय. यात मांस तर नसतेच. अंडी, दूध, लोणी यांपैकीही काही नसते. वरकरणी हा विषय पाकशास्त्राचा वाटेल. परंतु मांस टाकावे आणि मांसाचा आकार मात्र ठेवावा, या कल्पनेला दीड हजार वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात बौद्ध जगाचा वाटा मोठा आहे. आपल्या समाजाच्या ताटावर आजही वाद होतात. म्हणून या इतिहासाचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

बीड जिल्ह्यातील नारायणगड हे या विचारासाठी योग्य स्थळ आहे. नगद नारायण महाराजांचे हे स्थान 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. भगवानगडाचे संस्थापक भगवानबाबा (१८९६-१९६५) यांची जडणघडणही याच गडावर झाली. वारकरी परंपरेत तुळशीची माळ गळ्यात घातली की मांस वर्ज्य होते. याच परिसरातील शिवारांत खरिपात सोयाबीन डोलते, आणि याच पंचक्रोशीतील पूर्वीच्या महारवाड्यांत व मांगवाड्यांत एके काळी वाळवलेले मांस हा टंचाईच्या दिवसांचा आधार होता. माळकऱ्याचे ताट, सोयाबीनचे शेत आणि अस्पृश्याची चूल अशा तीन गोष्टी येथे शेजारी शेजारी आढळतात.

वडीची कृती

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन आणि २० टक्के तेल असते. तेल काढून घेतल्यावर जी पेंड उरते तिचे पीठ उष्णता व दाब देऊन यंत्रातून दाबले असता मांसासारखा तंतुमय पोत येतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत हे तंत्र विकसित झाले. त्याच दशकात पंतनगर आणि जबलपूर येथील कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने भारतात सोयाबीनच्या लागवडीला चालना दिली. आज किराणा दुकानात मिळणारी सोयावडी हे त्याच तंत्राचे फळ असून, तिच्या बारीक दाणेदार प्रकाराला लोक सोयाचा खिमा म्हणतात.

हा खिमा २०० ग्रॅम घेऊन मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे भिजवावा व घट्ट पिळून घ्यावा. पाणी राहिले तर वडी सुटते, हे ध्यानी ठेवावे. बारीक चिरलेला कांदा, आले-लसूण आणि काळा मसाला तेलावर परतून त्यात हा खिमा कोरडा होईपर्यंत परतावा. निवाल्यावर एक उकडलेला बटाटा, एक वाटी भाजलेले बेसन, मूठभर शेंगदाण्याचे जाडसर कूट व कोथिंबीर मिसळावी. पाश्चात्त्य कृतीत बांधणीसाठी अंडे असते. त्या जागी दोन चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी, म्हणजे तिचा चिकट बलक होतो. तेल लावलेल्या डब्यात हे मिश्रण दाबून बसवावे आणि शिटी काढलेल्या कुकरमध्ये पस्तीस-चाळीस मिनिटे वाफवावे. पूर्ण थंड झाल्यावरच चकत्या कापाव्यात व तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. भट्टीची गरज पडत नाही. २०० ग्रॅम कोरड्या खिम्यात सुमारे १०० ग्रॅम प्रथिन असते. आठ माणसांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला १२ ग्रॅमहून अधिक येते.

मराठी स्वयंपाकघराला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत होणारी मासवडी बेसनाची असते, तिच्यात तीळ-खोबऱ्याचे सारण असते, आणि मासळीसारख्या दिसण्यावरून तिला हे नाव पडले असे सांगतात. नावात मासा आहे, ताटात नाही.

तथागतांची भूमिका

मांसाविषयी तथागतांची भूमिका काय होती? मज्झिम निकायातील जीवक सुत्तात तिचे स्पष्ट उत्तर आहे. जो प्राणी आपल्यासाठी मारताना भिक्खूने पाहिला, जो आपल्यासाठी मारल्याचे ऐकले, किंवा ज्याविषयी तशी शंका आली, त्याचे मांस त्याने घेऊ नये. हे तीन दोष नसतील तर भिक्षापात्रात पडलेले अन्न स्वीकारावे. विनयपिटकात मनुष्य, हत्ती, घोडा, कुत्रा, साप आदी दहा प्रकारची मांसे वर्ज्य सांगितली आहेत. सर्वच मांस वर्ज्य सांगितलेले नाही. देवदत्ताने संघापुढे पाच मागण्या ठेवल्या, त्यांपैकी एक अशी होती की भिक्खूंनी मासे व मांस आजन्म वर्ज्य करावे. तथागतांनी ही सक्ती नाकारली. संघात फूट पाडू पाहणाऱ्याने शाकाहाराचे शस्त्र वापरावे, ही घटना बोलकी आहे.

आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात या प्रश्नाची निर्भीड चर्चा केली आणि तीमुळे वादही ओढवून घेतला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना नियम आणि तत्त्व यांतील भेद स्पष्ट केला. अहिंसा हे तत्त्व आहे. हत्या करण्याची इच्छा आणि हत्या करण्याची गरज यांत अंतर आहे, आणि तथागतांचा निषेध इच्छेला उद्देशून आहे. जेथे कसोटी चेतनेची असते, तेथे केवळ पदार्थाच्या यादीवरून माणसाचे शील ठरविता येत नाही.

पिठाचे पशू

महायान परंपरेत मांसविरोध तीव्र झाला. लंकावतार सूत्रात मांसभक्षणाच्या निषेधार्थ स्वतंत्र प्रकरण आहे. चीनमध्ये लिआंग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाल ५०२-५४९) याने भिक्षुसंघाला मद्य व मांस वर्ज्य करण्याचा आदेश दिला, आणि इ. स. ५१७ मध्ये राजकुलाच्या पितृपूजेत प्राण्यांच्या जागी पिठाचे नैवेद्य ठेवण्यास सांगितले. गव्हाच्या पिठातील चिकट प्रथिनापासून व सोयाबीनपासून बनविलेले विविध पदार्थ पुढे चिनी विहारांच्या स्वयंपाकघरांत विकसित झाले. सोयाच्या वडीची वंशावळ शोधू गेल्यास तिची एक शाखा या विहारांपर्यंत पोहोचते.

आपल्याकडेही हा विचार झाला होता. सोमदेवसूरी या जैन पंडिताने इ. स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' हा ग्रंथ पूर्ण केला. त्या वेळी मराठवाडा ज्यांच्या सत्तेखाली होता, त्या राष्ट्रकूटांच्या काळातील ही रचना आहे. तीत राजा यशोधर आईच्या आग्रहास्तव देवीपुढे पिठाच्या कोंबड्याचा बळी देतो. रक्त सांडत नाही, तरीही मारण्याच्या संकल्पाचे फळ माता-पुत्रांना अनेक पशुजन्मांतून भोगावे लागते, अशी कथा आहे. पुनर्जन्माची ती चौकट आम्हांस मान्य नाही. परंतु कथेचा नैतिक मुद्दा विचारार्ह आहे : पीठ निर्दोष असले म्हणून मन निर्दोष ठरत नाही. याच न्यायाने असेही म्हणता येईल की, ताटात सोया आहे म्हणून खाणाऱ्याच्या मनात करुणा असेलच असे नाही.

करुणेची जात कशी होते

या इतिहासाची काळी बाजू जपानमध्ये दिसते. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेनमू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने खाण्यास बंदी केली. पुढील शतकांत बौद्ध अहिंसा आणि शिंतो धर्मातील विटाळाची कल्पना यांची सांगड बसली. विहारांत टोफू व गव्हाच्या प्रथिनाची सुंदर पाकपद्धती बहरली; पण मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे आणि खाटिक यांना 'एता' म्हणजे अतिमलिन ठरवून गावाबाहेर लोटण्यात आले. घोड्याचे खोगीर आणि योद्ध्याचे चिलखत यांसाठी कातडे सर्वांना हवे होते, कातडे देणारा माणूस मात्र कोणालाच नको होता. १८७१ च्या आदेशाने हा दर्जा कायद्याने रद्द झाला, तरी त्यांच्या वंशजांना बुराकू म्हणून भेदभाव सोसावा लागला. करुणेच्या नावाने आलेला आहारनियम पावित्र्याची खूण झाला की त्यातून अस्पृश्यता जन्मते, हा धडा बौद्ध देशाने दिला असल्यामुळे आपण तो अधिक गांभीर्याने घेतला पाहिजे.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. चौदाव्या शतकात मंगळवेढ्याचे चोखोबा विठ्ठलभक्तीत बुडून गेले, तरी मंदिराचे दार त्यांना उघडले नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. अस्पृश्यतेच्या मुळाशी बौद्धांविषयीचा द्वेष आणि गोमांसभक्षण ही कारणे आहेत, असे प्रतिपादन याच ग्रंथात त्यांनी केले. ब्राह्मणांचा मांसत्याग हा बौद्ध धम्माशी चाललेल्या संघर्षातील डावपेच होता, असेही त्यांनी दाखवून दिले.

मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. हे आवाहन शाकाहाराचे नव्हते. मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आणि त्याबदल्यात पदरी पडणारे मांस ही गुलामगिरीची दोन टोके होती. ती तोडण्यासाठी दिलेली ती स्वाभिमानाची हाक होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवरील दयेची प्रतिज्ञा आहे, मद्यत्यागाची आहे, मांसत्यागाची नाही. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे असे आम्ही मानतो.

चान्या आणि सोयावडी

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील महार-मांगांच्या चुलीचा इतिहास प्रथमच विस्ताराने नोंदविला. रक्ती, वजडी आणि उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या यांचे वर्णन त्यात आहे. ज्यांना ताजे मांस क्वचित आणि तेल त्याहून क्वचित मिळत असे, त्यांनी टाकून दिलेल्या अवयवांतून प्रथिन मिळविण्याचे जे शास्त्र विकसित केले ते मराठी पाकपुस्तकांनी कधी छापले नाही. ग्रंथाच्या नावातच या वगळण्यावरील भाष्य आहे.

याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यातील दुरुस्ती अमलात येऊन १९७६ पासूनची गोहत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, पण हत्याबंदी कायम राहिली. गरिबाचे एक स्वस्त प्रथिन त्यामुळे बाजारातून गेले. त्याची जागा कशाने भरून काढावयाची, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही.

येथे सोयावडीचा विचार पोषणाच्या अंगाने करणे आवश्यक ठरते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यांत बौद्ध व अन्य दलित कुटुंबेही असतात. कोपीवर शीतकपाट नसते. आजीच्या काळातील चान्यांप्रमाणे सोयावडीही कोरडी, हलकी आणि महिनोन् महिने टिकणारी आहे. पाण्यात टाकताच फुगते व काळ्या मसाल्याच्या कालवणात मुरते. एकीचा उगम मेलेल्या जनावरात, दुसरीचा तेलगिरणीच्या पेंडीत. दोन्ही मुळात इतरांच्या उपभोगानंतर उरलेल्या वस्तू. मात्र सोयाबीनचे दैव विचित्र आहे. २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये हमीभाव जाहीर झालेले हे पीक मराठवाड्याच्या शिवारात पिकते, त्याचे तेल शहरात जाते, पेंडीचा मोठा भाग कोंबड्यांच्या खाद्यात जातो, आणि खुरपणी-काढणी करणाऱ्या बाईच्या भाकरीबरोबर प्रथिन येतेच असे नाही. प्राण्यांविषयीची करुणा या बाईपाशी येऊन थांबत असेल, तर ती अपुरी आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणी उपासक प्राणिमात्रांवरील मैत्रीने मांस सोडीत असेल, तर त्याचा निर्णय आदरणीय आहे, आणि त्याच्यासाठी सोयाच्या खिम्याची वडी हे चविष्ट व सकस अन्न आहे. विहारातील भोजनदानाच्या वेळी ती केल्यास खाणारा व न खाणारा असे दोघेही एका पंगतीत बसू शकतात; हा तिचा सर्वांत मोठा गुण. परंतु 'मांस खाणारा खरा बौद्ध नव्हे' अशी भाषा जेथे सुरू होते, तेथे देवदत्ताची मागणी पुन्हा बोलू लागते. सुकट-बोंबील खाणाऱ्या शेजाऱ्यास घर भाड्याने न देणारा मनुष्य रोज सोयाची वडी खात असला तरी त्याच्या शीलात भर पडत नाही.

नारायणगडाच्या पायथ्याच्या गावांत माळकऱ्याने आपली माळ जपावी, बौद्धाने आपल्या चुलीचा इतिहास न लपविता सांगावा, आणि शिवारातल्या सोयाबीनचे प्रथिन आधी शिवारात राबणाऱ्यांच्या लेकरांच्या ताटात पडावे. वडी कशाची आहे हे पाहण्याआधी पंगतीत कोणाला जागा मिळाली, हे पाहण्याची सवय आपल्या विहारांनी लावून घ्यावी, एवढीच वाचकांस विनंती.