घेऊ की थांबू? संगणक बदलण्याच्या प्रश्नाचा इतिहास

संगणक विकत घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. ‘आत्ता घाई करू नका, थोडं थांबा. याच पैशात याहून चांगलं मिळेल.’ मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या गावातलं एखादं दुकान, सल्ला देणाऱ्याला कारण विचारलं तर तो म्हणतो, ‘नेहमी असंच होतं.’ इतिहास वाचणाऱ्या माणसाला ‘नेहमी’ या शब्दाचा संशय यायला हवा. नेहमी म्हणजे कधीपासून? आणि ते अजून खरं आहे का?

या समजुतीला एक जन्मतारीख आहे. १९ एप्रिल १९६५ रोजी ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात गॉर्डन मूर यांचा एक लेख छापून आला. मूर तेव्हा फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर कंपनीत होते. इंटेलची स्थापना अजून तीन वर्षं दूर होती. एका चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होते आहे, असं त्यांनी मांडलं. १९७५ साली त्यांनी स्वतःच हा काळ वाढवून दोन वर्षांचा केला. हा निसर्गाचा नियम नव्हता. एका उद्योगाचं ते निरीक्षण होतं, आणि पुढे त्या उद्योगाने त्यालाच आपलं वेळापत्रक बनवलं.

या वेळापत्रकाने किती मजल मारली पाहा. ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमचा पहिला पीसी बाजारात आला, त्याच्या प्रोसेसरचा वेग ४.७७ मेगाहर्ट्‌झ होता. २००४च्या अखेरीस इंटेलचा पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्‌झवर पोहोचला. म्हणजे २३ वर्षांत सुमारे ८०० पट. अशा काळात थांबणाऱ्याचा फायदा व्हायचा यात नवल नाही.

आपल्याकडे तर थांबण्याला आणखी एक कारण होतं. राजीव गांधी सरकारने नोव्हेंबर १९८४मध्ये नवं संगणक धोरण आणलं आणि आयातीची दारं किलकिली केली. पुढे १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५पर्यंत संगणकावरचं आयात शुल्क शून्यावर आणण्याचं ठरलं. म्हणजे नव्वदच्या दशकात भारतातला ग्राहक थांबला, तर एकीकडे यंत्र वेगवान होत होतं आणि दुसरीकडे जकात उतरत होती. आजही जो सल्ला मिळतो, तो त्या दशकातल्या माणसांनी आपल्याला वारसा म्हणून दिलेला आहे.

पण थांबण्याची दुसरी बाजूही त्याच काळात दिसली होती. अ‍ॅडम ऑसबॉर्न या गृहस्थाचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ साली त्यांचा मृत्यूही तिथेच, कोडाईकनालला झाला. १९८१मध्ये त्यांनी ‘ऑसबॉर्न १’ नावाचा उचलून नेता येणारा संगणक आणला. वजन सुमारे ११ किलो, पडदा जेमतेम पाच इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. तो धडाक्याने विकला गेला. मग १९८३च्या सुरुवातीला त्यांनी पुढच्या, सुधारित यंत्राची वाच्यता केली. ग्राहक म्हणाले, ‘मग आम्ही थांबतो.’ जुना माल पडून राहिला, नवा तयार नव्हता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. त्यांच्या पतनाला मोठ्या पडद्याचे प्रतिस्पर्धी संगणक आणि ढिसाळ हिशेबही तितकेच कारणीभूत होते, असं मानणारे अभ्यासक आहेत. तरी व्यापारशास्त्रात ‘ऑसबॉर्न परिणाम’ हा शब्द रुजला तो रुजलाच. उद्याच्या चांगल्या वस्तूची बातमी आजच्या चांगल्या वस्तूला मारते, असा त्याचा अर्थ.

मग थांबावं तरी किती? या प्रश्नाचं गणित १९९९ साली अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या स्टुअर्ड वेधशाळेतल्या काही तरुण खगोलशास्त्रज्ञांनी मांडलं. निबंध अर्धा थट्टेतला होता, पण हिशेब चोख होता. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो असं त्यांनी धरलं. समजा, एखादी आकडेमोड आजच्या यंत्रावर ६० महिने चालणार आहे. आज सुरू केली तर ६० महिने लागतील. पण १८ महिने काहीही न करता बसून राहिलात आणि मग दुप्पट वेगाचं यंत्र घेतलंत, तर १८ अधिक ३०, म्हणजे ४८ महिन्यांत काम उरकेल. एक वर्ष वाचलं! आता दुसरं उदाहरण घ्या. काम १२ महिन्यांचं असेल, तर थांबणाऱ्याला १८ अधिक ६, म्हणजे २४ महिने लागतील. दुप्पट वेळ गेला. ही सीमारेषा साधारण २६ महिन्यांवर येते. काम त्याहून मोठं असेल तरच थांबण्यात शहाणपण. लहान असेल तर आजच लागा.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. थांबण्याचा फायदा फक्त त्या कामाला होतो, जे काम संगणक करतो. माणसाने करायच्या कामाला हे गणित लागूच होत नाही. आमच्या टायपिंगचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होत नाही.

शिवाय ‘भाव उतरतातच’ हेही पूर्ण सत्य नाही. जुलै १९९३मध्ये जपानमधल्या निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवरच्या आवरणासाठी लागणारी राळ तिथे बनत असे. बातमी आली आणि जगभर रॅमचे भाव भडकले. २०११च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि ‘थोडं थांबतो’ म्हणणाऱ्यांना पुढे कित्येक महिने जास्त पैसे मोजावे लागले. आणि २०२५च्या अखेरीपासून आपण तेच पाहतो आहोत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी चिप हव्या आहेत, कारखाने तिकडे वळले आहेत आणि सामान्य ग्राहकाची रॅम महागली आहे. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५मध्ये ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचंच जाहीर केलं.

वेगाची कहाणीही बदलली. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४चा बेत रद्द केला. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण आता त्याबरोबर विजेचा खर्च आणि उष्णता पूर्वीसारखी घटत नव्हती. एकच घोडा पळवण्याऐवजी दोन, चार, आठ घोडे जुंपण्याचा काळ आला, म्हणजे एका प्रोसेसरमध्ये अनेक कोअर. २०२४ साली आलेला घरगुती वापराचा सर्वांत वेगवान इंटेल प्रोसेसर फार तर ६.२ गिगाहर्ट्‌झ गाठतो. आधीच्या २३ वर्षांत ८०० पट, नंतरच्या २० वर्षांत दुप्पटही नाही. अर्थात एका ठोक्यात आजचा प्रोसेसर कितीतरी जास्त काम करतो. पण पत्र लिहिणाऱ्याला, लेख टाईप करणाऱ्याला तो फरक बोटांना जाणवत नाही.

आपल्या भाषांच्या बाबतीत तर खरा बदल वेगाने झालाच नाही, तो लिपीने झाला. उर्दूची नस्तालीक लिपी खिळ्यांच्या छपाईत नीट बसत नसे, कारण तिचे शब्द तिरके उतरतात आणि अक्षरं जागेप्रमाणे रूप बदलतात. त्यामुळे उर्दू छापखान्यांनी शिळाप्रेस धरून ठेवला आणि कातिबांनी हाताने लिहिलेली पानं छापली. त्यात मागासपणा नव्हता. हातात असलेलं यंत्र आपल्या लिपीला न्याय देत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरातून मोनोटाइपच्या मदतीने ‘नूरी नस्तालीक’ तयार झाली आणि लाहोरचं ‘जंग’ संगणकावर जुळवलं जाऊ लागलं. १९९४मध्ये दिल्लीहून ‘इनपेज’ आलं आणि लहान उर्दू पत्रांनाही ती वाट मोकळी झाली. १९२७ साली सुरू झालेलं चेन्नईचं ‘द मुसलमान’ मात्र त्यानंतरही हाताने लिहिलं जात राहिलं.

देवनागरीचं दुखणं वेगळं होतं. पुण्याच्या सी-डॅकने आणि इतरांनी मराठी संगणकावर आणली, पण प्रत्येक फाँटची सांकेतिक भाषा निराळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की पडद्यावर चित्रविचित्र चिन्हं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून होती, पण विंडोज २००० आल्यावर ती घराघरातल्या संगणकाच्या आवाक्यात आली. ज्यांनी त्या वेळी यंत्र बदललं, त्यांना केवळ जास्त वेग मिळाला नाही. त्यांचं मराठी जगभर वाचता येऊ लागलं. बदलायला हवं ते अशा वेळी.

आता माझ्यापुरतं. माझ्या टेबलावरच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा चौथ्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि फिरणारी हार्ड डिस्क आहे. त्यात १९४८च्या पोलीस कारवाईच्या आठवणी आहेत, मराठवाड्यातल्या वृद्ध माणसांनी दखनीत सांगितलेल्या. काही ध्वनिमुद्रणं उतरवून झाली आहेत, बरीच बाकी आहेत. जुन्या इनपेज फाइल्स आहेत, जुन्या मराठी फाँटमधल्याही आहेत. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. माझं यंत्र त्यात बसत नाही. वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मुदत आहे.

घरातले म्हणतात, नवाच घेऊन टाक. मित्र म्हणतात, रॅम उतरेपर्यंत थांब. मी वरचा इतिहास समोर ठेवून वेगळी वाटणी केली आहे.

जुन्या यंत्राला रॅम वाढवणार नाही. त्यात डीडीआर३ बसते, ती नव्या मदरबोर्डवर चालत नाही. तो पैसा तिथेच अडकेल. हार्ड डिस्क मात्र आत्ताच बदलतो आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठीच सरासरी ४ मिलिसेकंद घेते, सुई सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीमध्ये काही फिरत नाही. तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतं. एसएसडीही महागल्या आहेत, पण छोटी पुरते आणि ती पुढच्या यंत्रातही लावता येईल. पहिल्या महिन्यात सगळ्या ध्वनिफितींच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी. त्यानंतर इनपेज आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये. हे झालं की पुढचं यंत्र विंडोजचं असो की लिनक्सचं, मजकूर कुणाच्या दारात अडकणार नाही. नवा संगणक ऑक्टोबर २०२६च्या आत, तेव्हा जो भाव असेल त्या भावाने.

एसएसडी बसवायला एक दुपार लागेल. तेवढ्यासाठीही काम थांबणार नाही. मुलाखती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करता येतात. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज ८८ वर्षांचा आहे. रॅमचा भाव कधीतरी उतरेल, नवा प्रोसेसरही येईल. बीड, लातूर, उस्मानाबादच्या वाड्यांवर अजून सांगू शकणारी जी माणसं आहेत, त्यांच्या बाबतीत थांबण्याचं कुठलंही गणित बसत नाही. यादीत अकरा नावं उरली आहेत. या आठवड्यात त्यांतल्या दोघांकडे जायचं ठरलं आहे.