किनोसाकी येथील उष्णोदकाची मालकी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जपानच्या ह्योगो प्रांतातील किनोसाकी येथे ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक निवासगृहात, उतरलेला पाहुणा सुती युकाता व लाकडी खडावा घालून स्नानासाठी रस्त्यावर येतो. या प्रथेकडे रम्य चालरीत म्हणूनच पाहिले जाते. तिच्यामागील मालकीचा प्रश्न दुर्लक्षित राहतो. निवास ऱ्योकानमध्ये, स्नान मात्र गावाच्या सामाईक स्नानगृहात, अशी येथील जुनी वाटणी होती.

२३ मे १९२५ च्या भूकंपाने व त्यानंतरच्या आगीने गाव बेचिराख झाले. पुनर्बांधणीच्या काळात, १९२७ मध्ये, एका प्रतिष्ठित ऱ्योकानने स्वतःच्या आवारातील झऱ्यावर अंतर्गत स्नानगृह सुरू केले. सामाईक स्नानगृहे ओस पडतील आणि त्यांवर जगणारे छोटे व्यावसायिकही बुडतील, या भीतीने गावकरी न्यायालयात गेले. जमिनीच्या मालकाचा हक्क तिच्याखालील उष्ण पाण्यावरही पोहोचतो काय, हा वादाचा गाभा होता. (आपल्याकडील सामाईक विहिरींचे तंटे ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही.) महायुद्ध होऊन गेले, तरी वाद मिटला नव्हता.

१९५० मध्ये तडजोड झाली. पाण्याचे व्यवस्थापन गावाच्या सामाईक संस्थेकडे राहिले. ऱ्योकानांना अंतर्गत स्नानगृहाची मुभा मिळाली, परंतु आकारमानाच्या मर्यादेसह. आजही तेथील ऱ्योकानांतले हौद लहानच आहेत, आणि संध्याकाळी रस्त्यावर खडावांचा आवाज असतो.