कमवा व शिका योजना (अहिल्यानगर जिल्हा)

कमवा व शिका योजना ही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिक्षण घेत असतानाच परिसरात काम देऊन मोबदला देणारी योजना आहे. महाराष्ट्रात या कल्पनेची रुजवात कर्मवीर भाऊराव पाटील (1887–1959) यांच्या कार्यातून झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अनेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असून, विद्यापीठाची ही योजना कर्मवीरांच्या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी

भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाक, शेती व साफसफाई स्वतः करीत. वसतिगृहाच्या खर्चासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने दिले. 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा श्रमाच्या बदल्यात शिक्षण हे तत्त्व उच्च शिक्षणातही आले. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे घोषवाक्य आहे.

जिल्ह्यातील स्वरूप

श्रीरामपूर, कोपरगाव, कर्जत व अहिल्यानगर येथे रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत. जिल्ह्याच्या उत्तर भागात प्रवरा व गोदावरीच्या कालव्यांवर ऊसशेती चालते. दक्षिणेकडील तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात. अशा घरांतील विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काइतकीच खोलीभाडे, खानावळ व प्रवासखर्चाची अडचण असते.

कार्यपद्धती

निवड झालेल्या विद्यार्थ्यांना ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग किंवा परिसर स्वच्छता अशी कामे तासिकांव्यतिरिक्तच्या वेळेत दिली जातात. कामाच्या तासांची हजेरीपत्रकात नोंद होते आणि तासांनुसार मानधन मिळते. विद्यापीठ स्तरावर योजनेचे काम विद्यार्थी विकास मंडळाकडे आहे.

शिष्यवृत्तीशी तुलना

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेसारख्या शासकीय योजनांत प्रवर्ग, उत्पन्न व अभ्यासक्रमाच्या अटी असतात आणि त्यांचा मुख्य भर शुल्कावर असतो. कमवा व शिका योजनेतील पैसे विद्यार्थी खानावळ, पुस्तके वा प्रवास यांपैकी कशासाठीही वापरू शकतो, आणि ते कर्जाप्रमाणे फेडावे लागत नाहीत.

मर्यादा

अभ्यासाला बाधा येऊ नये म्हणून कामाचे तास मर्यादित ठेवले जातात. त्यामुळे मिळकतही मर्यादित राहते आणि केवळ तिच्यावर शिक्षणाचा संपूर्ण खर्च भागत नाही. दीर्घ सुट्टीत काम थांबल्यास मिळकतही थांबते. प्रात्यक्षिके असलेल्या विज्ञान शाखेतील आणि रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामासाठी वेळ काढणे अवघड जाते. त्यामुळे ही योजना शिष्यवृत्तीचा पर्याय न ठरता तिला पूरक ठरते.