अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे जतन
खानदेशाच्या सीमेलगत, जळगावपासून सु. ६० किमी. अंतरावर असलेल्या अजिंठा लेण्यांतील चित्रे दोन कालखंडांतील आहेत. क्र. ९ व १० या लेण्यांतील प्राचीनतम चित्रे इसवी सनापूर्वीची, तर क्र. १, २, १६ व १७ मधील चित्रे मुख्यतः पाचव्या शतकातील होत. त्यांच्या जतनाचा इतिहास हा बव्हंशी एका उपायातून उद्‌भवलेल्या दोषाच्या निवारणाचा इतिहास आहे.

बेसाल्टच्या खडबडीत भिंतीवर माती, दगडाची कच, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा देऊन त्यावर चुन्याचा पातळ थर देत. तो वाळल्यावर सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावीत. त्यामुळे रंगथर ओलाव्याने सुटतो आणि गिलाव्यातील तंतू किडींचे खाद्य बनतात. झिरपणारे पाणी व वटवाघळांची विष्ठा यांनीही चित्रांची हानी झाली.

जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ मध्ये ही लेणी पाहिल्यानंतर त्यांची प्रसिद्धी झाली. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून चित्रांच्या नकला केल्या. त्यांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत १८६६ मध्ये जळाल्या. गिल १८७९ मध्ये निधन पावला. त्याची कबर भुसावळ येथे आहे. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२–८५ या काळात नव्या नकला केल्या. त्यांतील अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच भस्मसात झाल्या. रंग व रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून नकलाकारांनी मूळ चित्रांवर व्हार्निश लावले होते.

निजाम सरकारने १९२० मध्ये चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीस पक्का केला. मात्र रंगरक्षणार्थ दिलेले लाखेचे विलेपन कालांतराने पिवळे पडले, त्यावर धूळ व काजळी बसली आणि ते आकसून रंगाचे पापुद्रे सुटू लागले. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये विलीन झाल्यानंतर लेण्यांची व्यवस्था पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली. तेव्हापासून योग्य द्रावकांनी हे थर उतरविणे, हे रसायनज्ञांचे प्रमुख कार्य ठरले. क्र. १० मधील काजळीखालची प्राचीन चित्रे अलीकडे अशाच स्वच्छतेने अधिक स्पष्ट झाली.

नष्ट झालेला भाग नव्याने रंगवू नये, केवळ गिलाव्याच्या कडा पक्क्या कराव्यात, हे तत्त्व आता रूढ आहे. वाहनांचा धूर टाळण्यासाठी खाजगी गाड्या फर्दापूरजवळ थांबविल्या जातात. जेथे मूळ चित्र उरले नाही, तेथे मात्र आगीतून वाचलेल्या जुन्या नकला व गिलने घेतलेली छायाचित्रे हाच आधार उरतो.