शेवटचे कडवे : जलशाच्या वहीपासून डीजेच्या हार्ड डिस्कपर्यंत

आंबेडकरी चळवळीचा इतिहास लिहिताना आपण परिषदा, सत्याग्रह, ठराव आणि अग्रलेख यांचा आधार घेतो. ज्या गाण्यांनी ही चळवळ अक्षरओळख नसलेल्या माणसांपर्यंत नेली, ती गाणी मात्र आपल्या इतिहासात तोंडी लावण्यापुरती येतात. याचे एक कारण उघड आहे. ठरावाला तारीख असते, सही असते, तो छापला जातो. गाणे गळ्यातून गळ्यात जाते आणि जाता जाता कर्त्याला मागे सोडते. आज हीच गाणी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या वस्त्यांतून १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्यांतून वाजतात. ती वाजवणाऱ्या मुलाच्या संगणकात ती कोणत्या नावाने साठवलेली आहेत, हा प्रश्न मी इतिहासाचा प्रश्न मानतो. तो तांत्रिक वाटतो म्हणून अभ्यासकांनी त्याकडे फारसे पाहिले नाही. आणि डीजे म्हणजे नुसता धांगडधिंगा, अशी समजूत असल्यामुळे कार्यकर्त्यांनीही पाहिले नाही.

१. गाण्यातच ठेवलेली नोंद

सत्यशोधक जलशांच्या परंपरेतून १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांतले एक अग्रणी भीमराव कर्डक यांनी आपले अनुभव ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात नोंदवून ठेवले, म्हणून तो इतिहास काही प्रमाणात तरी आपल्या हाती लागला. जलशामागून गायन पार्ट्या आल्या. ढोलकी, पेटी, मागे साथ धरणारे चारपाच गळे आणि एक वही, एवढे त्यांचे भांडवल.

ही वही नीट पाहिली पाहिजे. गाण्याच्या डोक्यावर ‘चाल’ लिहिलेली असते. एखाद्या चित्रपटगीताची, कव्वालीची किंवा जुन्या लोकगीताची पहिली ओळ तेथे दिली, की स्वरलिपी न शिकलेल्या गायकाला सर्व समजते. खाली कडवी, आणि शेवटच्या कडव्यात कवीचे नाव. संतांच्या अभंगांपासून शाहिरांच्या पोवाड्यांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रेची रीत भीमगीतांनी पुढे चालवली. सिन्नर तालुक्यातील देशवंडीत १९२२ साली जन्मलेले, मुंबईत मोठेपणी अक्षरे गिरवलेले वामनदादा कर्डक २००४ साली गेले, तोपर्यंत त्यांनी रचलेली असंख्य गाणी गावोगाव पसरली होती. ज्यांनी त्यांचा एकही छापील संग्रह हाती घेतला नाही, त्या माणसांनाही गाणे वामनदादांचे आहे हे कळत असे. कारण शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येई. नाव गाण्याच्या वृत्तातच गुंफलेले असल्यामुळे ते काढायचे तर कडवे मोडावे लागे.

शाळेचे दार ज्यांना बंद होते त्या समाजाने हाताळलेली ही नोंदणीची पद्धत होती. तिच्यात जपणुकीचीही सोय होती. साथ धरणाऱ्यांना गाणी पाठ असत, शिष्य वह्या उतरवून घेत. एक वही हरवली तर दुसऱ्या गावच्या पार्टीच्या वहीत गाणे सापडे. एका प्रतीवर कोणी विसंबून राहत नव्हते.

२. कॅसेटीचा काळ

तबकड्यांच्या काळात ध्वनिमुद्रण मोजक्या कंपन्यांच्या हाती होते. फिलिप्सने १९६३ साली बाजारात आणलेली कॅसेट आपल्याकडे १९८० च्या दशकात सर्वत्र झाली आणि ही मक्तेदारी मोडली. कमी पैशात मुद्रण, कमी पैशात प्रती. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज त्यामुळे चाळीचाळींत आणि झोपडीझोपडीत पोचले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणारा माणूस परतताना पुस्तकाबरोबर कॅसेटही आणू लागला. मात्र कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे आणि गीतकाराचे नाव बारीक अक्षरात, अशी मांडणी रूढ झाली. वेष्टन हरवले की तेही नाव गेले. तरीही शेवटचे कडवे अजून शाबूत होते.

या काळातले एक उदाहरण आपल्या उपनगरातले आहे. मुलुंडच्या झोपडीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटात मुद्रित झाला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात, बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसे मारली गेली. १५ जुलैला विलास घोगरे यांनी गळफास घेतला. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटातून नव्या पिढीने त्यांना ऐकले. हे शक्य झाले, कारण त्या आवाजाची एक प्रत झोपडीबाहेर, दुसऱ्याच्या हाती, नावानिशी सांभाळलेली होती. प्रत्येक शाहिराच्या वाट्याला असा माहितीपट येत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी कुर्ला, कलिना, साकीनाका भागातल्या तळमजल्यांवरच्या घरांतून ट्रंका, वह्या आणि कॅसेटी एकाच चिखलात गेल्या. आज पुनर्वसनाच्या योजनांमुळे वस्त्या हलत आहेत. घर हलवताना आधी भंगारात जाते ती जुन्या कॅसेटींची पिशवी.

३. यंत्राचे रकाने कोणी आखले?

आता डीजेच्या संगणकाकडे येऊ. एमपी-३ गाण्याच्या फाइलीत गाण्याबरोबर त्याची माहिती साठवण्याची जी पद्धत रूढ झाली तिला आयडी-३ टॅग म्हणतात. १९९६ साली आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीत फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा होती. त्यात गाण्याचे नाव, कलावंत, अल्बम, वर्ष, शेरा आणि प्रकार एवढेच रकाने होते. गीतकाराला रकानाच नव्हता. प्रकार ८० ठरावीक नावांतून निवडायचा. त्या यादीत पोल्का होता, गॉस्पेल होते. पोवाडा, लावणी, भीमगीत कोठून असणार? नावाच्या रकान्याला ३० बाइट. देवनागरीची त्यात सोय नव्हती; आज रूढ असलेल्या युनिकोडमध्ये ती कोंबली तरी दर चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘वामनदादा कर्डक’ हे नाव त्या रकान्यात मावत नाही. हे कोणी द्वेषाने केले नाही. रकाने आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा समाज आणि त्याचे संगीत होते, इतकेच. पण आपल्याला गावकुसाबाहेरचा अनुभव असल्यामुळे, कोणताही तक्ता पाहताना त्यात आपला रकाना आहे का, हे आधी पाहण्याची सवय हवी.

१९९८ साली दुसरी आवृत्ती आली आणि ही उणीव दूर झाली. गीतकार, संगीतकार आणि गायक यांना स्वतंत्र जागा मिळाली, देवनागरीही लिहिता येऊ लागली. रकाना मिळाला, तरी तो भरला गेला नाही. मोबाइलच्या दुकानांतून मेमरी कार्डात भरलेली आणि तेथून डीजेकडे आलेली गाणी पाहा : ‘ट्रॅक ०१’, ‘जयंती मिक्स फायनल २’. कलावंताच्या जागी फाइल चढवणाऱ्या संकेतस्थळाचे नाव, गीतकाराची जागा रिकामी. त्यातच डीजे नाचासाठी मुखडा आणि एक कडवे ठेवतो, ठेका वाढवतो आणि पुढच्या गाण्यात शिरतो. शेवटचे कडवे कापले जाते. म्हणजे फाइलीतले नाव गेलेले आणि गाण्यातले नावही गेलेले. पन्नास वर्षे टिकलेली नाममुद्रा अशी दोन्ही बाजूंनी पुसली जाते, आणि मग कोणी अभ्यासक त्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ असे लिहून मोकळा होतो.

‘पारंपरिक’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ज्यांच्या श्रमावर नाव लागत नाही त्यांचे श्रम सर्वांचे होतात, हा आपला जुना अनुभव आहे. कायदा येथे आपल्या बाजूने आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ कर्त्याला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क देते, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराचा स्वामित्वधनातला वाटा पक्का केला, आणि हक्काची मुदत कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची आहे. पण ज्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही त्याच्या वारसाने कोणता कागद दाखवायचा?

४. काय करता येईल

डीजेवर बहिष्कार घालून हे सुटणार नाही. आवाजाची मर्यादा आणि रात्री दहाची वेळ पाळलीच पाहिजे; त्यापलीकडे, आज वस्तीतला सर्वात मोठा गीतसंग्रह त्याच मुलाकडे आहे हे मान्य केले पाहिजे. पूर्वी वही पार्टीच्या म्होरक्याकडे असे, आता ती याच्याकडे आहे. तिची शिस्त त्याला कोणी सांगितलेली नाही, एवढेच.

पहिली गोष्ट, नोंद. प्रत्येक गाण्याला गीतकार, गायक, संगीतकार, वर्ष हे रकाने भरावेत. गीतकाराचा रकाना डीजेच्या प्रणालीत दिसत नसेल तर शेऱ्याच्या रकान्यात नाव लिहावे, आणि तेथेच ‘चाल’ व प्रसंग लिहावा : जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर. प्रकाराच्या रकान्यात ‘भीमगीत’, ‘पोवाडा’, ‘जलसा’ हे आपले शब्द घालावेत. एका नावाचे एकच लेखन ठरवावे. नाही तर एक कवी यादीत चार ठिकाणी विखुरतो. जुन्या यंत्रांवर देवनागरी उमटेलच असे नाही, म्हणून फाइलीचे नाव रोमनमध्ये आणि आतली नोंद देवनागरीत, अशी विभागणी सोयीची पडते. नाव माहीत नसेल तर ‘पारंपरिक’ न लिहिता ‘गीतकार शोधायचा आहे’ असे लिहावे. शोध बहुधा शेवटच्या कडव्यातच संपतो. म्हणून कापलेल्या गाण्याशेजारी पूर्ण गाणेही ठेवलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, मांडणी. गाण्याचे ठोके, सुरुवातीच्या खुणा, याद्या ही डीजेची स्वतःची मेहनत असते, आणि तिचा बराच भाग गाण्याच्या फाइलीत नसून प्रणालीच्या वेगळ्या नोंदवहीत असतो. फोल्डर बाहेरून हलवले किंवा नाव बदलले की प्रणालीला गाणे सापडत नाही. तेव्हा फोल्डरांची रचना आधी ठरवावी आणि प्रत काढताना गाण्यांबरोबर ती नोंदवहीही उतरवावी.

तिसरी गोष्ट, प्रती. जाणकार सांगतात : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. संगणकावर एक, बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक, आणि तिसरी घाटकोपरच्या माणसाने बोरिवलीच्या बहिणीकडे किंवा गावी ठेवावी. गायन पार्ट्यांची रीत याहून वेगळी नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीत नेलेला पेनड्राइव्ह हा वाजवण्यासाठी आहे, जपण्यासाठी नाही. इंटरनेटवर आपोआप जुळणारी प्रतही पुरेशी नाही. इकडे चुकून पुसले की तिकडेही पुसले जाते. वर्षातून एकदा, जयंतीनंतर, प्रत उघडून गाणी खरोखर वाजतात का हे पाहावे.

कॅसेटींचे काम सर्वांत निकडीचे आहे. ६० मिनिटांची कॅसेट न दाबता वेव्ह स्वरूपात उतरवली तर सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागते. आज ती क्षुल्लक आहे. ही मूळ प्रत ठेवावी आणि तिच्यावरून डीजेसाठी एमपी-३ करावी. दोन गाण्यांमधले निवेदन कापू नये. कोठला कार्यक्रम, कोणत्या मंडळाचा, ढोलकीवर कोण, हे तेथेच सांगितलेले असते. वेष्टनाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे.

हे काम एकट्या डीजेचे नाही. विद्यार्थ्याने रकाने भरावेत, शिक्षकाने लेखन तपासावे, कार्यकर्त्याने वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाला आणून संगणकासमोर बसवावे आणि विचारावे, हे कोणाचे? तो गाणे शेवटापर्यंत म्हणेल आणि नाव येईल. ज्यांना ते कडवे अजून पाठ आहे अशी माणसे आता वर्षागणिक कमी होत आहेत. पुढच्या १४ एप्रिलपर्यंत एका वस्तीने शंभर गाण्यांचे गीतकार जरी नोंदवले, तरी तेवढा इतिहास ‘पारंपरिक’ होण्यापासून वाचेल. आणि मिरवणूक संपताना डीजेने एक गाणे न कापता शेवटच्या कडव्यापर्यंत वाजवावे. कवीचे नाव सर्वांनी ऐकावे.