टायटॅनिक बघायला समुद्राच्या तळाशी जाता येतं का?

तिकीट अडीच लाख डॉलर, म्हणजे साधारण २ कोटी रुपये. 'ओशनगेट' ही अमेरिकन कंपनी एवढे पैसे घेऊन लोकांना टायटॅनिकच्या अवशेषांपर्यंत नेत होती. जाणाऱ्यांना प्रवासी म्हणायचं नाही, 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचं. मृत्यूही होऊ शकतो, असं लिहिलेल्या कागदावर त्यांची सही आधीच घेतली जायची.

टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं आणि १९८५ मध्ये सापडलं. ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यापासून सुमारे ६०० किलोमीटरवर, ३,८०० मीटर खोल आहे. तिथे पाण्याचा दाब आपल्या हवेच्या दाबाच्या जवळपास ३८० पट असतो.

खाली नेणाऱ्या यानाला सबमर्सिबल म्हणतात. पाणबुडी बंदरातून स्वतःच्या बळावर निघते, याला मात्र मोठं जहाज लागतं. ओशनगेटच्या 'टायटन'मध्ये पाच जण दाटीवाटीने बसायचे आणि दार बाहेरून बोल्टने बंद व्हायचं. आतून उघडायची सोयच नव्हती! तळ गाठायला दोन तासांहून जास्त वेळ लागायचा.

मग चुकलं कुठे?

अशा यानांचा माणसं बसायचा भाग सहसा टायटॅनियमसारख्या धातूचा आणि गोल असतो, कारण गोलावर दाब सगळीकडून सारखा पडतो. भारताच्या 'मत्स्य ६०००'चा आराखडाही तसाच आहे. टायटनचा मधला भाग मात्र कार्बन फायबरचा, नळकांड्यासारखा होता. कार्बन फायबर विमानात चालतं, कारण तिथे दाब आतून बाहेर ढकलतो. समुद्रात उलटं होतं. शिवाय टायटनला कुठल्याही स्वतंत्र संस्थेचं प्रमाणपत्र नव्हतं. कंपनीतल्याच एका अधिकाऱ्याने २०१८ मध्ये सुरक्षेवर बोट ठेवलं, तर त्यालाच नोकरीवरून काढलं.

जुलै २०२२ मध्ये वर येताना यानात मोठा आवाज झाला. सेन्सरच्या नोंदीही बदलल्या होत्या. तरी पुढच्या वर्षी तेच यान पुन्हा खाली गेलं.

१८ जून २०२३ रोजी निघाल्यावर पावणेदोन तासांनी संपर्क तुटला. आत कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश, टायटॅनिकचे जाणकार पॉल-आंरी नार्जोले, हॅमिश हार्डिंग, शहजादा दाऊद आणि त्यांचा १९ वर्षांचा मुलगा सुलेमान होते. आपण सगळे चार दिवस 'ऑक्सिजन किती तास उरला' हे मोजत बसलो होतो, आठवतंय? प्रत्यक्षात यान दाबाने आतल्या आत चिरडलं गेलं होतं, तेही पहिल्याच दिवशी, क्षणार्धात. २२ जूनला टायटॅनिकच्या पुढच्या टोकापासून सुमारे ५०० मीटरवर तुकडे सापडले.

ओशनगेटने जुलै २०२३ मध्ये काम थांबवलं. हा अपघात टाळता आला असता, असं अमेरिकन तटरक्षक दलाने २०२५ च्या अहवालात म्हटलं.